व्हिजिटिंग कार्ड: हजार छापण्याआधी एक नीट वाचा

(हे या भागाचं लेखी रूप आहे. बोलताना झालेल्या अडखळण्या काढल्यात, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय. एखादाच मुद्दा ऐकायचा असेल तर मथळ्यापुढच्या वेळेवर जा.)

लोकलमध्ये लटकत ऐकणारे, एसटीत खिडकीशी बसून ऐकणारे, रात्री भांडी घासता घासता ऐकणारे, सगळ्यांचं स्वागत. आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मागितला होता. "ताई, स्वतःचं काम सुरू केलंय, व्हिजिटिंग कार्ड कसं करू?" कोणी केक करतं, कोणी लग्नाचे फोटो काढतं, कोणी वायरिंग करतं, कोणी शिकवण्या घेतं. कार्ड सगळ्यांना लागतं, आणि घाईत छापून सगळेच पस्तावतात.

मी आज एकच कार्ड घेणार आहे. खरं, छापलेलं, फसलेलं. त्याची चिरफाड करू, मग तेच नीट बनवू.

आठ डब्या माळ्यावर (०१:१०)

मागच्या वर्षी मे महिन्यात मी कऱ्हाडला मावशीकडे गेले होते. माझा मावसभाऊ आयटीआय करून इलेक्ट्रिशियन झालाय. वायरिंग, पंखे, इन्व्हर्टर, एसी सर्व्हिसिंग असं सगळं करतो. दोन वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली काढली आणि फेब्रुवारीत स्वतःचं सुरू केलं. एसीवाल्याचा सीझन म्हणजे मार्च ते मे. म्हणून आधीच हजार कार्डं छापून घेतली. शंभराची एक डबी, अशा दहा डब्या.

मे महिन्यात त्यातल्या आठ डब्या माळ्यावर होत्या. म्हटलं, का रे? तर म्हणाला, "दोनशे वाटली की. फोन आले चार. कार्डाबिर्डाने काही होत नाही ताई, सगळं ओळखीवर चालतं."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं रस्त्याने जात होतो. समोरच्या बिल्डिंगमधल्या आजी भेटल्या. त्याला म्हणाल्या, "अरे बाळा, तुझं कार्ड फ्रिजवर लावलंय की मी! परवा पंखा बंद पडला, पण त्याच्यावरचा नंबर काही दिसेना बघ. मग वॉचमनने सांगितला तो माणूस बोलावला."

तो काही बोलला नाही. मी पण नाही. कारण विचार करा, कार्ड आजींच्या घरात पोहोचलं होतं. फ्रिजवर चढलं होतं. पंखाही बंद पडला होता. म्हणजे अवघड ते सगळं झालं होतं, आणि शेवटी दहा आकडे वाचता आले नाहीत म्हणून काम दुसऱ्याला गेलं.

घरी येऊन मी ते कार्ड हातात घेतलं. चकचकीत काळं. त्यावर बारीक, तिरक्या, सोनेरी अक्षरात सगळं इंग्रजीत. मागे एसीचा इंटरनेटवरून उचललेला फोटो. अकरा कामांची यादी. कोपऱ्यात नखाएवढा क्यूआर कोड. आणि मराठीत एकच ओळ, त्यात गावाचं नाव चुकलेलं. ते कसं चुकलं, त्याकडे येतेच.

कार्ड कोण, कुठे, केव्हा बघणार? (०३:४०)

आपण कार्डाचा विचार करतो तो देतानाचा. समोरच्याने बघावं आणि म्हणावं, वा! पण त्या वेळी तुम्ही स्वतः तिथे उभे असता. तुमचं नाव, काम, बोलणं, सगळं समोर असतं. कार्डाची खरी गरज नंतर पडते. तीन महिन्यांनी, रात्री आठ वाजता, घरात निम्मे दिवे गेलेले असताना, एखाद्या माणसाला जेव्हा ते फ्रिजवर किंवा मीटरच्या पेटीवर दिसतं, तेव्हा. तुमचा चेहरा तो विसरलेला असतो. त्याला फक्त तीन गोष्टी हव्या असतात. हा काय काम करतो? माझ्या भागात येतो का? नंबर काय?

म्हणून डिझाइन उघडण्याआधी कागदावर एक वाक्य लिहा: माझं कार्ड कोण, कुठे आणि केव्हा शोधणार आहे?

माझ्या भावाचं वाक्य असं झालं: "घरातली मोठी माणसं, फ्रिजवर किंवा मीटरजवळ, काहीतरी बंद पडल्यावर."

केक करणाऱ्या मैत्रिणीचं वाक्य वेगळं असेल. तिचं कार्ड केकच्या बॉक्सबरोबर जातं. वाढदिवसाला आलेली दुसरी आई ते उचलते आणि लगेच फोनवर केकचे फोटो बघते. तिथे फोटो बघायची सोय महत्त्वाची.

व्हिडिओ एडिटरचं आणखी वेगळं. त्याचं कार्ड एखाद्या कार्यक्रमात हाताहातात जातं आणि नंतर ऑफिसच्या टेबलावर निघतं. तिथे नाव मोठं हवं, कारण लोक त्याला नावाने शोधणार. इलेक्ट्रिशियनचं उलटं असतं. लोकांना आधी "इलेक्ट्रिशियन" दिसायला हवं, मग नंबर, मग नाव.

प्रोफेशनल ब्रँड वगैरे आपण म्हणतो ना, त्याची सुरुवात इथून होते. लोगो फार नंतर येतो.

काय ठेवायचं, काय गाळायचं (०६:०५)

भावाच्या कार्डावर दोन मोबाइल नंबर, एक ईमेल, घरचा पूर्ण पत्ता, तीन सोशल मीडियाची चिन्हं आणि अकरा कामं होती. आम्ही एकेकावर बोट ठेवून विचारत गेलो, "आजींना हे लागेल का?"

दोन नंबर का? "एक व्हॉट्सॲपचा आहे." मग व्हॉट्सॲप आणि फोन एकाच नंबरवर आणा. दोन नंबर दिले की माणूस आधी चुकीचा लावतो.

घरचा पत्ता कशाला? गिऱ्हाईक त्याच्याकडे येत नाही, तो त्यांच्याकडे जातो. "कऱ्हाड, मलकापूर आणि परिसर" एवढं पुरे. दुकान असेल तर मात्र पत्ता हवाच, आणि तोही खुणेसकट. "अमुक देवळासमोर" ही खूण पिनकोडपेक्षा लवकर पोहोचवते.

ईमेल? त्याला गेल्या वर्षभरात कामाचा एकही ईमेल आला नव्हता. उडवला. तुम्ही कंपन्यांची कामं करत असाल तर ठेवा, पण कॉलेजात गंमत म्हणून काढलेला आयडी नको. नाव-आडनावाचा साधा आयडी काढायला पाच मिनिटं लागतात.

सोशल मीडियाची चिन्हं? नुसतं चिन्ह छापून उपयोग काय? खात्याचं नाव नसेल तर माणूस शोधणार काय? नाव द्या, नाहीतर चिन्ह काढा.

अकरा कामं? त्यातली चार ठेवली. यादी लांबली की नजर कशावरच थांबत नाही.

जीएसटी नंबर बिलावर लागतो, धंद्याच्या जागेच्या पाटीवर लागतो. व्हिजिटिंग कार्डावर तो असायलाच हवा असा नियम नाही. वायरमनचा परवाना असेल तर तो नंबर मात्र जरूर टाका. अनोळखी माणसाला घरात घेताना लोकांना त्याने धीर येतो. नसेल तर "शासनमान्य" असले शब्द वापरू नका. आणि कितीही भारी दिसली तरी अशोकस्तंभाची राजमुद्रा खासगी कार्डावर छापायची नाही. त्यासाठी २००५चा कायदाच आहे. डॉक्टर, वकील, सीए झालेल्यांनी आपापल्या परिषदेचे जाहिरातीचे नियम आधी वाचावेत.

वर ॥ श्री ॥ हवं होतं मावशीला. ठेवलं. लहान, मध्यभागी, छान दिसतं. घरच्यांशी त्यावरून भांडायची गरज नाही.

माप आणि कागद (०९:२०)

आपल्याकडे सर्रास चालणारं माप म्हणजे साडेतीन इंच बाय दोन इंच, म्हणजे साधारण ८९ बाय ५१ मिलिमीटर. एटीएम कार्ड ८५.६ बाय ५४ मिलिमीटर असतं. पाकिटाचे कप्पे त्याच मापाच्या अंदाजाने शिवलेले असतात. गोल, चौकोनी, पानाच्या आकाराची कार्डं बघायला मजा येते, पण ती कुठल्याच कप्प्यात बसत नाहीत आणि जे बसत नाही ते हरवतं.

आता दोन शब्द, जे प्रेसवाले वापरतात आणि आपण नुसती मान डोलावतो.

पहिला "ब्लीड". कार्डं एकेक करून कापत नाहीत, गठ्ठा लावून कटिंग मशिनवर एकदम कापतात. कागद थोडा सरकतो. तुमचा रंग बरोबर कडेपर्यंतच असेल तर जरा सरकलं की कडेला पांढरी रेघ दिसते. म्हणून रंग चारी बाजूंनी ३ मिलिमीटर जास्तीचा सोडतात. तेच ब्लीड. आणि उलट बाजूने, मजकूर कडेपासून निदान ४ मिलिमीटर आत ठेवायचा, नाहीतर शेवटचा आकडाच कापला जातो. याच कारणाने कडेला अगदी लागून बारीक चौकट काढू नका. कापताना अर्धा मिलिमीटर सरकली तरी एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला बारीक दिसते.

दुसरा शब्द "जीएसएम". म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. झेरॉक्सचा कागद ७० ते ८० जीएसएम असतो. कार्डासाठी ३०० ते ३५० मागा. त्याहून पातळ कार्ड चार दिवसांत खिशात दुमडतं.

आता लॅमिनेशन. चकचकीत म्हणजे ग्लॉसी. त्यावर ट्यूबलाइट चमकते आणि वाकडं करून वाचावं लागतं. मॅट त्यापेक्षा बरं. पण दोन्हींवर साधं बॉलपेन नीट चालत नाही. एकाच बाजूला लॅमिनेशन केलं तर कार्ड पापडासारखं वळू शकतं. म्हणून आम्ही लॅमिनेशनच केलं नाही. साधं, जाड, न चमकणारं कार्ड घेतलं आणि मागच्या बाजूला दोन ओळी मोकळ्या सोडल्या:

आज केलेलं काम: ______
पुढची सर्व्हिस: ______

एसीची सर्व्हिस झाली की तो स्वतःच्या हाताने तारीख लिहून कार्ड देतो. आता ते कार्ड राहिलं नाही, घरची नोंद झाली. नोंद कोणी फेकत नाही. शिकवणी घेणाऱ्यांनी मागे वेळा लिहाव्यात, केकवालीने "पुढच्या वाढदिवसाची तारीख" लिहावी. हे डोकं तुमचं तुम्ही लावा.

मराठी अक्षरं का फुटतात? (१२:४५)

आता गावाच्या नावाकडे येऊ. कार्डावर "कऱ्हाड" ऐवजी "कर्हाड" छापलं होतं. म्हणजे अर्ध्या चंद्रासारखा ऱ गेला आणि ह च्या डोक्यावर रफार आला. गावातल्याच माणसाने गावाचं नाव चुकवलेलं! भाऊ म्हणाला, "मी व्हॉट्सॲपवर बरोबर लिहून पाठवलं होतं." आणि त्याने खरंच बरोबर पाठवलं होतं. मी बघितलं.

झालं काय, तर आपण फोनवर जे मराठी टाइप करतो ते युनिकोड. ते सगळीकडे एकसारखं वाचलं जातं. पण कित्येक प्रेसमध्ये अजून जुन्या पद्धतीचे फाँट वापरतात, ज्यात प्रत्येक अक्षराची अंतर्गत खूण वेगळी असते. तुमचा युनिकोड मजकूर त्यात चिकटवला की चौकटी किंवा भलतीच अक्षरं येतात. मग ऑपरेटर दादा काय करतात? तुमचा मजकूर समोर ठेवून पुन्हा टाइप करतात. दिवसभरात पन्नास पत्रिका आणि कार्डं टाइप करणारा माणूस आहे तो. तिथे चूक होते. शिवाय डिझाइनचं सॉफ्टवेअर जुनं असेल तर युनिकोडची जोडाक्षरंही फुटतात, ऱ्हस्व इकार भलत्याच जागी जाऊन बसतो.

उपाय तीन.

एक, डिझाइन तुम्ही स्वतः करत असाल तर मोकळेपणाने वापरता येणारे युनिकोड फाँट घ्या. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्त आणि बलू हे गूगल फाँट्सवर फुकट मिळतात. मुक्त साधा आणि स्वच्छ आहे, नंबर-पत्त्याला उत्तम. बलू गुबगुबीत आहे, केकवालीला शोभेल. मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील तर टिरो देवनागरी मराठी बघा. हिंदी वळणाचे ल आणि श आपल्या डोळ्याला जरा परके वाटतात.

दोन, फाइल पीडीएफमध्ये द्या आणि प्रेसला सांगा, "अक्षरांचे कर्व्ह केलेत ना?" म्हणजे अक्षरं ही अक्षरं न राहता चित्राच्या रेषा होतात. मग दुसऱ्या कॉम्प्युटरवर फाँट नसला तरी ती बदलत नाहीत. पण एकदा कर्व्ह केले की मजकूर दुरुस्त करता येत नाही, म्हणून मूळ फाइल स्वतःकडे ठेवा.

तीन, प्रेसने पुन्हा टाइप केलं असेल तर जोडाक्षरं एकेक करून तपासा. ऱ्य, ऱ्ह, द्य, द्ध, श्र, ट्र, रु आणि रू. "दुरुस्ती" हा शब्द तर हमखास "दुरूस्ती" होऊन येतो.

अक्षराच्या आकाराचं पण सांगते. एक पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग. ८ पॉइंट म्हणजे जेमतेम पावणेतीन मिलिमीटर. मराठीत त्या उंचीत वरची वेलांटी, मात्रा आणि खालचा उकार हे सगळं बसवायचं असतं, त्यामुळे मधलं अक्षर आणखी बारीक होतं. इंग्रजीत ८ पॉइंट चालून जातं, मराठीला ९-१० द्या. ओळींमधलं अंतरही थोडं जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो.

मोबाइल नंबर आम्ही १६ पॉइंटमध्ये, ठळक, आणि पाच-पाच आकड्यांचे दोन गट करून छापला. आकडे इंग्रजी घेतले, कारण फोनच्या डायल पॅडवर तेच असतात. बघून दाबायला सोपे. बाकी मजकूर मराठीत, कारण आजी मराठी वाचतात. इंग्रजी हवंच असेल तर दुसरी बाजू आहे. एकाच बाजूला दोन्ही भाषा कोंबू नका.

काळ्यावर सोनेरी का फसतं? (१७:१०)

फोनच्या स्क्रीनवर काळ्यावर सोनेरी झकास दिसतं, कारण स्क्रीनमधून उजेड येतो. कागदातून येत नाही.

छपाईत चार शाया असतात: आकाशी निळी, गुलाबीसर किरमिजी, पिवळी आणि काळी. एकेक रंग कागदावर एकावर एक बसतो. तो जराही सरकला तर अक्षराच्या कडेला दुसऱ्या रंगाची सावली दिसते. मोठ्या अक्षरात ते कळत नाही, बारीक अक्षरात अक्षरच धूसर होतं. त्यातून गडद रंगावर बारीक फिकं अक्षर असेल तर आजूबाजूची शाई आत शिरते आणि अ, म, भ यांच्या पोकळ्या बुजतात. भावाच्या कार्डावर नेमकं हेच झालं होतं.

म्हणून नियम साधा: फिकी पार्श्वभूमी, गडद अक्षर. आणि बारीक मजकूर नुसत्या काळ्या शाईत ठेवा, चार रंग मिसळून केलेल्या काळ्यात नको. एकच शाई असली की सरकण्याचा प्रश्नच मिटतो.

आणि हो, स्क्रीनवरचा तो पोपटी नाहीतर झगझगीत निळा कागदावर तसा येणार नाही. तो या चार शायांतून बनतच नाही, मळकट होतो. रंगाचा हट्ट असेल तर प्रेसमध्ये आधी छापलेली कार्डं बघा आणि त्यातला रंग दाखवा.

क्यूआर कोड: जिवंत आहे की मेलेला? (१९:३०)

भावाच्या कार्डावरचा कोड मी स्कॅन केला. काय उघडलं? "हा कोड बंद करण्यात आला आहे, सुरू ठेवण्यासाठी पैसे भरा."

क्यूआर कोड १९९४मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत तयार झाला, गाड्यांच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला. त्या कोडमध्ये माहिती थेट चौकटींच्या रूपात असते, म्हणून साधा कोड कधीच "संपत" नाही. मग याचा कसा बंद पडला?

कारण इंटरनेटवर कोड बनवून देणाऱ्या काही साइट तुम्हाला "डायनॅमिक" कोड देतात. त्यात तुमची लिंक नसतेच. त्यांची लिंक असते, ती पुढे तुमच्याकडे वळवतात. फायदा असा की छापल्यावरही पत्ता बदलता येतो. पण फुकटची मुदत संपली की त्या वळवणं थांबवतात आणि तुमची हजार कार्डं एका रात्रीत मुकी होतात.

ओळखायचं कसं? कोड स्कॅन केल्यावर उघडण्याआधी फोन वर लिंक दाखवतो, ती वाचा. तुमचं स्वतःचं काही दिसलं तर ठीक. भलत्याच साइटचं नाव दिसलं तर तो डायनॅमिक आहे. "स्टॅटिक" कोडच मागा.

आत काय ठेवायचं? व्हॉट्सॲपची डब्ल्यूए-डॉट-मी वाली लिंक घ्या, पुढे ९१ आणि तुमचा नंबर. स्कॅन केलं की थेट चॅट उघडतं. अशी लिंक २६ अक्षरांत बसते आणि कोड २५ बाय २५ चौकटींचा होतो. तेच नाव, दोन नंबर, पत्ता, ईमेल सगळं कोंबून दोनशे अक्षरं केली तर तो ५७ बाय ५७ पर्यंत जातो. २ सेंटिमीटरच्या कोडमध्ये पहिल्याची चौकट ०.८ मिलिमीटरची, दुसऱ्याची ०.३५ ची. कमी उजेडात, साध्या कॅमेऱ्याला कुठला पकडता येईल, तुम्हीच सांगा.

कोड २ सेंटिमीटरपेक्षा लहान नको. भोवती चार चौकटींएवढी मोकळी पांढरी जागा सोडा. कोड गडद आणि मागचं फिकं, उलटं नको. खाली लिहा, "व्हॉट्सॲपवर बोला". कारण पैसे घ्यायचा यूपीआयचा कोडही हुबेहूब तसाच दिसतो. नुसता कोड बघून माणूस बिचकतो, की हे कशाचे पैसे मागतायत?

आणि कोड असला तरी नंबर अक्षरात हवाच. आजी स्कॅन करणार नाहीत.

प्रेसमध्ये जाताना (२३:०५)

"हजारच का छापावी लागतात, शंभर का नाही?" हा प्रश्न बरेच जण विचारतात. ऑफसेट छपाईत आधी प्लेट बनवतात. तो खर्च शंभरला तेवढाच आणि हजारालाही तेवढाच. शिवाय स्वस्तात छापायला अनेक गिऱ्हाइकांची कार्डं एकाच मोठ्या शीटवर एकत्र लावतात. म्हणूनच रंग दरवेळी थोडा वेगळा येतो. शेजारच्या कार्डाला सांभाळताना तुमचा रंग इकडेतिकडे होतो.

डिजिटल छपाईला प्लेट लागत नाही. एका कार्डाचा भाव जास्त पडतो, पण शंभरच काढता येतात. माझा सल्ला: पहिल्यांदा शंभर डिजिटल काढा. महिनाभर वाटा. लोक काय विचारतात ते ऐका. "तुम्ही फ्रिज पण बघता का?" असं तीन जणांनी विचारलं तर ते कार्डावर नाही हे कळलं. सुधारा, मग हजार छापा.

लोगो किंवा फोटो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, तो लहान होऊन जातो. "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा. साडेतीन बाय दोन इंचाला ३०० डीपीआयने १०५० बाय ६०० पिक्सेल लागतात, ब्लीड धरून थोडे जास्त. इंटरनेटवरून उचललेला छोटा फोटो फाटतो, आणि तो दुसऱ्याच्या मालकीचा असतो ते वेगळंच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. प्रेसवाले छापण्याआधी नमुना पाठवतात. भावाला पण पाठवला होता. मी चॅट बघितलं. नमुना दुपारी १२:१० ला आलेला, त्याचा अंगठा १२:११ ला गेलेला. एका मिनिटात. तो तेव्हा शिडीवर होता म्हणे. त्या अंगठ्यानंतर चूक प्रेसची राहत नाही, आपली होते.

नमुना आला की कामावर असताना बघू नका. "संध्याकाळी सांगतो" म्हणा. कार्ड खऱ्या मापात झेरॉक्सच्या दुकानात छापून घ्या. छापताना "ॲक्च्युअल साइज" सांगा, नाहीतर पानभर मोठं येतं. कापा. मग तीन गोष्टी करा. त्यावरचा नंबर बघून दुसऱ्याच्या फोनवरून डायल करा आणि तुमचाच फोन वाजतोय का बघा. कोड दोन वेगळ्या फोनवर स्कॅन करा. आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला, चष्म्याशिवाय, संध्याकाळच्या उजेडात वाचायला द्या.

तुमचे दोन प्रश्न (२७:१५)

"आता सगळं फोनवरच आहे, कागद कशाला?" बरोबर आहे, तुमचं गिऱ्हाईक तुमच्याच वयाचं असेल तर नंबर सेव्ह करून देणंच बरं. पण फोनमधला नंबर नावाने शोधावा लागतो, आणि नावच विसरलेलं असतं. फ्रिजवरचं कार्ड शोधावं लागत नाही, ते समोर असतं. दोन्ही ठेवा. फक्त कार्डावरचं नाव, व्हॉट्सॲप बिझनेसवरचं नाव आणि ट्रूकॉलरवर दिसणारं नाव एकच असू द्या. कार्डावर एक आणि फोन आल्यावर भलतंच नाव दिसलं की माणूस फोन उचलत नाही.

"कार्डावर स्वतःचा फोटो टाकू का?" चेहऱ्यावर तुमचं काम चालत असेल, म्हणजे निवेदन, विमा, शिकवणी, तर टाका. पण चांगल्या उजेडातला, आजचा. पाच वर्षांपूर्वीच्या लग्नातला कापलेला नको, ज्यात खांद्यावर दुसऱ्याचा हात दिसतो.

शेवटी (२९:३०)

भावाचं नवं कार्ड असं झालं. पांढरट, न चमकणारं. वर बारीक ॥ श्री ॥. मग मोठ्या अक्षरात "इलेक्ट्रिशियन आणि एसी सर्व्हिस". खाली ठळक नंबर. त्याखाली नाव, परवान्याचा नंबर आणि "कऱ्हाड, मलकापूर आणि परिसर". या वेळी ऱ्ह मी स्वतः तपासला. मागे चार कामं, कोड आणि तारीख लिहायच्या दोन ओळी. बस.

चमत्कार वगैरे काही झाला नाही. ओळखीनेच जास्त कामं येतात, हे त्याचं म्हणणं खरंच आहे. पण आता ओळख संपते तिथून कार्ड पुढे जातं. कोणाच्या तरी मीटरच्या पेटीवरून फोन येतो, "तुमचं कार्ड आहे इथे, भाडेकरू सोडून गेले त्यांनी लावलेलं." आणि काळी आठशे कार्डं? स्विचबोर्ड भिंतीला हलत असेल तर मागे पॅकिंग म्हणून घालतो. म्हणतो, जाड आहेत, कामाला येतात.

नव्यातलं पहिलं कार्ड त्याने समोरच्या आजींना नेऊन दिलं. त्यांनी चष्मा न लावता, लांब धरून, दहाच्या दहा आकडे मोठ्याने वाचून दाखवले. मग जुनं काढून नवं फ्रिजवर लावलं.

तर मंडळी, तुमच्याकडे आत्ता कार्ड असेल तर ते काढा, हातभर लांब धरा आणि नंबर वाचून बघा. वाचता आला नाही तर मला सांगा, आपण बसून दुरुस्त करू. आणि "दुरुस्ती" मधला रु ऱ्हस्व, विसरू नका. भेटू पुढच्या भागात!